ठेच लागणं आणि बोलणं लागणं: मेंदूला दोन्ही सारखंच?

मराठीत ठेचही लागते आणि बोलणंही लागतं, क्रियापद एकच, त्यामुळे ऑफिसच्या ट्रेनिंगमधे कोणी म्हटलं की मेंदूला अपमान आणि मार यातला फरकच कळत नाही, तर आपल्याला लगेच पटतं. पण ते अर्धंच खरं आहे.

हे सुरू झालं 2003 पासून. नाओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लिबरमन वगैरे संशोधकांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमधे झोपवून स्क्रीनवर चेंडू फेकाफेकीचा खेळ दिला आणि मधेच बाकीच्या दोन खेळाडूंनी त्यांना चेंडू देणंच बंद केलं (ते दोघं खरे नव्हतेच, कॉम्प्युटर होता). ज्याला जास्त वाईट वाटलं त्याचा अँटिरियर सिंग्युलेट नावाचा भाग जास्त चालला, आणि शरीर दुखतं तेव्हाही तोच भाग जागा होतो. पुढे 2008 मधे डेव्हिड रॉक या मॅनेजमेंट सल्लागारानी स्कार्फ (SCARF, पाच इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं) मॉडेल मांडलं, मान, खात्री, स्वातंत्र्य, आपलेपणा, न्याय, यातल्या कशालाही धक्का बसला की मेंदू ते संकट समजतो, त्यातही या प्रयोगाचा आधार आहे.

पण जागा एक म्हणजे दुखणं एक, असं नाही ना. एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडं असतातच की. 2011 मधे ब्रेकअप झालेल्यांना जुन्या पार्टनरचा फोटो दाखवला आणि वेगळ्या वेळी हाताला चटका दिला तेव्हा मेंदूत दोन्हीला त्याच जागा दिसल्या, मग 2014 मधे त्या जागांच्या आतला पॅटर्न बारकाईनं तपासला तर दोन्हींचे पॅटर्न वेगळे निघाले. टॉर वेगर हे मेंदूचे संशोधक या दोन्ही अभ्यासांच्या टीममधे होते, आपलंच म्हणणं तपासून सुधारलं, मला याचं फार कौतुक वाटतं.

बक्षिसाचंही असंच, 2008 मधे जपानमधल्या इझुमा आणि सहकाऱ्यांना दिसलं की पैसे मिळाले काय किंवा चांगलं नाव झालं काय, स्ट्रायटम हा मेंदूतला बक्षिसाशी जोडलेला भाग दोन्हीला चालतो. पण इथेही जागा एक म्हणून शाबासकी देऊन पगार भागवता येत नाही.

आणि ऑफिसात खरा फरक पडतो तो आठवणीत. अंगाचं दुखणं आठवलं तर फारसं दुखत नाही, मनाला लागलेलं आठवलं की परत दुखतं, असं 2008 च्याच एका अभ्यासात दिसलंय. सात वर्षांपूर्वी जिन्यावरून पडून माझा हात मोडला होता, प्लास्टर कुठल्या हाताला होतं ते आता आठवावं लागतं. त्याच वर्षी जुन्या ऑफिसात भर मीटिंगमधे "तुला विचारलंय का?" असं ऐकलं होतं, ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.