दृष्टिकौशल्य उपचार (व्हिजन थेरपी)

दोन्ही डोळे एकाच बिंदूवर आणणे, जवळचे व दूरचे आलटून-पालटून स्पष्ट पाहणे किंवा नजर ओळीवरून न चुकता पुढे नेणे ज्यांना जड जाते, अशा मुलांकडून व प्रौढांकडून नेत्रतज्ज्ञ किंवा ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासून चष्मा देणारे तज्ज्ञ) यांच्या देखरेखीखाली करवून घेतलेल्या पद्धतशीर सरावाला दृष्टिकौशल्य उपचार म्हणतात. ‘डोळ्यांचा व्यायाम’ हे त्याचे प्रचलित नाव थोडे फसवे आहे; कारण डोळ्यांचे स्नायू बहुधा पुरेसे बळकट असतात आणि सराव लागतो तो दोन डोळ्यांचा मेळ घालणाऱ्या मेंदूला. एकोणिसाव्या शतकात एमिल जावाल या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाने तिरळेपणावर असे सराव योजले व त्यातून ऑर्थॉप्टिक्स ही दोन डोळ्यांचा मेळ सुधारणारी शाखा वाढली.

या उपचाराचा सर्वांत भक्कम आधार अभिसरणदोषात मिळतो. या दोषात जवळचे पाहताना दोन्ही डोळे नाकाकडे पुरेसे वळत नाहीत, त्यामुळे वाचताना डोके दुखते, अक्षरे दोन-दोन दिसतात किंवा हलतात. दूरचा तक्ता असे मूल बऱ्याचदा 6/6, म्हणजे सामान्य नजरेइतका, वाचते, म्हणून केवळ त्या तपासणीत दोष सापडत नाही. ‘डोया दुखतस, अक्षरं पयतस’ (डोळे दुखतात, अक्षरे पळतात) असे अहिराणीत सांगणाऱ्या मुलाचे म्हणणे अभ्यास टाळण्याचे निमित्त समजले जाते, हे अन्यायाचे आहे; ते दोषाचे अचूक वर्णन असू शकते.

अमेरिकेत 9 ते 17 वर्षांच्या 221 मुलांवर झालेल्या व 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, 12 आठवडे दवाखान्यात दर आठवड्याला तासभर सराव आणि जोडीला घरचा सराव करणाऱ्यांपैकी सुमारे 73 टक्के मुले बरी झाली किंवा सुधारली. केवळ घरी पेन्सिल नाकाजवळ आणण्याचा सराव करणाऱ्या गटात हे प्रमाण 43 टक्के, तर दवाखान्यात केवळ तुलनेसाठी दिखाऊ सराव मिळालेल्या गटात 35 टक्के होते.

सरावाची साधने साधी असतात. एका लांब दोरीत तीन रंगीत मणी ओवून तिचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधतात व दुसरे नाकाला टेकवतात. मधल्या मण्याकडे पाहिले की निरोगी नजरेला दोन दोऱ्या त्या मण्यावरच एकमेकींना छेदताना दिसतात. छेद मण्याच्या पलीकडे दिसला तर डोळे पुरेसे वळलेले नाहीत. एकच दोरी दिसली तर मेंदू एका डोळ्याचे चित्र दाबून टाकत आहे. आपली चूक मुलाला स्वतःच दिसते, म्हणून हे साधन फार मोलाचे आहे.

मंददृष्टीत, म्हणजे ‘आळशी डोळ्यात’, आधी योग्य चष्मा आणि मग चांगल्या डोळ्यावर पट्टी हा मुख्य उपचार होय. मध्यम प्रतीच्या दोषात रोज 2 तासांची पट्टी 6 तासांच्या पट्टीइतकीच उपयोगी पडते, असे 2003 च्या अभ्यासात आढळले. वय जितके लहान तितका गुण लवकर येतो. प्रौढांमध्ये डोक्याला मार बसल्यानंतर उद्भवलेल्या अभिसरणदोषातही सराव योजतात. मात्र दुहेरी दिसणे अचानक सुरू झाले, तर सरावाआधी कारण शोधलेच पाहिजे.

मर्यादाही स्पष्ट आहेत. लघुदृष्टीचा (दूरचे अंधुक दिसण्याचा) नंबर किंवा चाळिशीचा चष्मा सरावाने जात नाही. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातील अडचण, हा मेंदूच्या भाषा हाताळण्याशी निगडित दोष असून त्यावर या उपचाराचा उपयोग सिद्ध झालेला नाही. अमेरिकेतील बालरोग व नेत्ररोग तज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 मध्ये हेच निवेदन केले. अभिसरण सुधारल्याने वाचलेल्याचे आकलन आपोआप वाढते असेही 2019 च्या चाचणीत दिसले नाही. ‘चष्मा घालवू’ म्हणून महागडी शिबिरे विकणाऱ्यांपासून पालकांनी दूर राहावे.

खानदेशात खरी अडचण सातत्याची आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळेत वर्षातून एकदा आरोग्य तपासणी होते, पण जवळच्या नजरेच्या तक्रारी शिक्षकाने आवर्जून सांगितल्याशिवाय सहसा पुढे येत नाहीत. अक्कलकुवा किंवा धडगावच्या डोंगरातील पाड्यावरून दर आठवड्याला नंदुरबार वा धुळे गाठणे म्हणजे पालकांची रोजंदारी बुडणे, आणि ऊसतोडीला कुटुंब गेले की पट्टीचा क्रम मोडतो. अशा घरांसाठी दोरीचा व पट्टीचा सराव आश्रमशाळेतील शिक्षकाला किंवा आजी-आजोबांना नीट शिकवून, दवाखान्याच्या भेटी फेरतपासणीपुरत्या ठेवणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो, जरी त्याचे फळ दवाखान्यातील सरावाइतके हमखास नसले तरी.