पडताळा वेगळा, सिद्धता वेगळी

गणिताचे सुंदर सुंदर व्हिडीओ बघून लोक येतात आणि सांगतात, दहा आकडे घालून बघितले, बरोबर आलं, सिद्ध झालं. अहो नाही झालं सिद्ध. पडताळा झाला.

पडताळा काय ते सगळ्यांना माहितीय. समीकरण सोडवलं, क्ष ची किंमत परत घातली, डावी बाजू बरोबर उजवी बाजू, विषय संपला. तिथं तेवढं पुरतं कारण प्रश्नच एका किमतीचा असतो. घोळ सुरू होतो तो "कोणत्याही संख्येसाठी" हे दोन शब्द आले की, आणि ती शाळेतली सवय आपण तशीच पुढं ओढतो.

परवा भाचा आलेला, दहावीत आहे. कागदावर ताट पालथं घालून वर्तुळ काढायला लावलं. वर्तुळावर 2 बिंदू घेऊन जोडले तर 2 भाग. 3 बिंदू घेऊन सगळे एकमेकांना जोडले तर 4, मग 8, आणि 5 बिंदूंना 16. "मामा, दुप्पट होतंय की! सहाला 32!" म्हटलं काढ, फक्त बिंदू सारख्या अंतरावर घेऊ नको, नाहीतर मधोमध तीन रेषा एकाच ठिकाणी मिळतात आणि एक भाग कमी भरतो. पोरानं प्रत्येक तुकड्यात पेन्सिलीनं आकडा घालून तीनदा मोजलं. 31.

आपण सोलापूरचे, म्हणून चादरीवरनं सांगतो. चादरीचा एक रिपीट बघितला की पुढचं डिझाईन कळतं, बरोबर? पण ते का कळतं, तर जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, कार्डांवर भोकं पाडून ते आधीच ठरवलेलं असतं म्हणून. आकड्यांच्या मागं तसं कार्ड आहे की नाही हे शोधून दाखवणं म्हणजे सिद्धता. दुप्पट-दुप्पटच्या मागं कार्ड नव्हतंच. खरं कार्ड असं आहे: प्रत्येक रेषा एक भाग वाढवते, आणि आत दोन रेषा जिथं छेदतात तो प्रत्येक छेद आणखी एक. 6 बिंदूंना रेषा 15, छेद पण 15 (कुठलेही चार बिंदू धरा, त्यांचा आत एकच छेद), आणि मूळचं अख्खं वर्तुळ 1. झाले 31. आता 5 बिंदूंना करून बघा, 10, 5 आणि 1, बरोबर 16.

अटकळ आणि प्रमेय यांच्यात पण लोक गोंधळतात पण ते सोपंय, सिद्ध झालं की प्रमेय, तोवर अटकळ. 1742 सालची गोल्डबाखची अटकळ घ्या, 2 पेक्षा मोठी कुठलीही सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते. कॉम्प्युटरवर 4 वर अठरा शून्यं इथपर्यंत तपासून झालंय, एकदाही चुकलेली नाही, तरी ती अजून अटकळच आहे. एवढा मोठा पडताळा चालत नाही तर आपले दहा आकडे कुठनं चालणार?

आणि ते नऊ वेळा 1 लिहून त्याचा वर्ग करायचा, 12345678987654321 अशी नक्षी दाखवायची, मागं म्युझिक लावायचं, असले व्हिडीओ मला अजिबात आवडत नाहीत. नऊपर्यंत हातचा येतच नाही आणि दहावा 1 लिहिला की हातचा येऊन नक्षी मोडते, ते सांगत नाहीत, आणि बघण्यासारखं तेच असतं. माझ्या लेखी चांगला व्हिडीओ किंवा पुस्तक तेच, जे "का" वर थांबतं आणि आपल्याला पेन्सिल हातात घ्यायला लावतं.

मग भाच्यापुढं शेंगदाण्याची वाटी ठेवली. विषम संख्या ओळीनं मिळवत गेलं की वर्गसंख्या येतात, 1 आणि 3 चे 4, त्यात 5 मिळवले की 9. एक दाणा ठेवला, त्याच्या उजव्या बाजूनं आणि खालनं काटकोनात 3 लावले, दोन बाय दोनचा चौरस. त्याला तसेच 5 लावले, तीन बाय तीन. दर वेळी आधीच्या पट्टीपेक्षा 2 दाणे जास्त, दोन्ही टोकांना एकेक, कारण चौरसाची बाजू एकानं वाढलेली असते. सहा बाय सहापर्यंत तो लावत गेला, मग हात थांबला.

"पुढच्याला 13 लागणार मामा. लावून बघायची गरजच नाही की."