गौरवग्रंथातला ऋणनिर्देश : पार्श्वभूमी

पुण्यात गौरवग्रंथाची, म्हणजे एखाद्याच्या सन्मानार्थ अनेकांचे लेख एकत्र छापण्याची, रीत रुजवली ती प्राच्यविद्येच्या अभ्यासकांनी. ज्येष्ठ संस्कृत पंडित रा. गो. भांडारकर यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्याच नावाची संशोधन संस्था इथे उभी राहिली. त्याच वर्षी अभ्यासकांच्या निबंधांचा ग्रंथ त्यांना अर्पण झाला. धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे यांना एकसष्टीला, १९४१ मध्ये, असाच खंड मिळाला. साहित्यिकांच्या कारकिर्दीची पन्नास वर्षे हे निमित्त पुढे आले, आणि तिथून खरा गुंता सुरू झाला.

गुंता आहे ‘ऋणनिर्देश’ या शब्दाचा. कागद देणाऱ्याचे, जाहिरातदाराचे, सभागृहाचे मानायचे ते आभार. लेख देणाऱ्याचे असते ते ऋण, कारण तो बहुधा मानधनाशिवाय लिहितो. पण गौरव समिती, संपादक आणि प्रकाशक तिघेही आपापल्या मनोगतात हे ऋण दुसऱ्याने मानले असेल असे धरून चालतात. मग देणगीदारांना अख्खे पान मिळते आणि तीस लेखकांची बोळवण ‘सर्व मान्यवर लेखक’ या तीन शब्दांत होते. ग्रंथ लेखांवर उभा असताना हा क्रम उलटा आहे.

यामागे छापखान्याचे गणितही असते. डेमी या पुस्तकी आकाराचा फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा, १६ पानांचा. पहिल्या फर्म्यात शीर्षकपान, श्रेयपान, अर्पणपत्रिका, मनोगते आणि अनुक्रम बसवायचा असतो. हा फर्मा शेवटी छापतात, म्हणून त्याला एक, दोन, तीन असे अक्षरी पृष्ठांक देतात. समारंभाची तारीख ठरलेली असते. संपादकीय दोन पानांनी वाढले की सतरावे-अठरावे पान कुठे घालायचे? चार पानी तुकडा वेगळा जोडला तर शिलाईचा खर्च वाढतो, म्हणून कात्री लागते ती ऋणनिर्देशाला. 

मानधनाचा वाद अजून मिटलेला नाही. खप मर्यादित, असे प्रकाशक म्हणतात, आणि ते खरे आहे. पण लेख मानधनाशिवाय मिळाला म्हणजे त्याचा हक्कही प्रकाशकाकडे आला, असे होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखाच्या हक्काचा पहिला मालक लेखकच; हक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीचे हवे, मुदत लिहिलेली नसेल तर ते पाच वर्षांचे धरतात. फोनवर ‘लेख द्या’ म्हटल्याने पुनर्मुद्रणाची परवानगी मिळत नाही. निदान मुद्रिते (तपासायची कच्ची छापील पाने) दाखवणे, ग्रंथाच्या दोन प्रती घरपोच देणे आणि लेखाच्या सुट्या छापील प्रती देणे एवढे तरी जुन्या संशोधनग्रंथांत पाळले जाई. आता पीडीएफ पाठवतात, तीही मागितल्यावर.

लेखकांची नावे छापताना चुकतात, त्याचे कारण नवे आहे. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोड या आजच्या संगणकीय अक्षरप्रणालीत आणताना रफार सरकतो, ‘ऱ्ह’ फुटतो. लेखाचे मुद्रितशोधन होते, लेखकसूचीचे होत नाही. शिशाचे खिळे जुळवून छापण्याच्या काळात अशा चुकीसाठी शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवत. डिजिटल छपाईत पुढच्या प्रती दुरुस्त करून काढता येतात. पण समारंभात वाटलेल्या प्रती आधीच्या असतात, आणि लेखकाच्या कपाटात तीच प्रत राहते.