वावर, वेचणी आणि अंगणवाडीची वेळ

कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. सकाळी ओटी बांधून गेलेली बाई दुपारी लेकराला अंगणवाडीतून आणायला परतली, की तेवढी वेचणी बुडाली. "वावरात न्यावं तं इच्चू-काट्याचं भेव, घरी ठेवावं तं कोनापाशी?" हा पेच विदर्भात जुनाच. तो आईबापांना विचारून घ्यावा, हे मात्र फार उशिरा सुचले.

आईबापांकडे वळायची सुरुवात खरे तर इथलीच, विदर्भातली. १९३७ च्या वर्धा परिषदेतून नई तालीम, म्हणजे गांधीजींची हाताच्या कामातून शिकवायची पद्धत, निघाली, ती सात वर्षांपुढच्या मुलांसाठी. १९४५ मध्ये सेवाग्रामला तिची व्याप्ती वाढली आणि धाकट्यांसाठी 'पूर्व-बुनियादी', म्हणजे शाळेआधीचे शिक्षण, आले. शांता नारुलकरांनी ते तिथे चालवले. आईबापांनाही शिकवायचे, हा त्यातला मोठा विचार. पण शिकवणारे आश्रमातले आणि शिकणारे आईबाप, अशीच ती वाट होती.

उलटी वाट बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात पाडली. बोर्डी-कोसबाडची पोरे शाळेत येईनात, तेव्हा शाळाच अंगणात नेली, तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात. घरचे काम बघून शाळेची वेळ ठरे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. त्यांत मेळघाटातले धारणीही होते. योजनेने 'अंगणवाडी' हे नाव घेतले, घरचे काम बघण्याची ती नजर घेतली नाही. वजनकाटा आला, आहार आला. आई नोंदवहीत आली ती गरोदर किंवा स्तनदा म्हणून. मजूर म्हणून नाही.

२००४ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत अंगणवाड्यांची पाहणी झाली, तेव्हा मातांशीही बोलणे झाले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सहा वर्षांखालची ४० मुले असलेल्या वस्तीला अंगणवाडी मागण्याचा हक्क दिला. मागायचे ते केंद्र. ते किती तास उघडे राहावे, हे मागायची सोय त्यात नव्हती.

दरम्यान 'कॉन्व्हेंट', म्हणजे खासगी इंग्रजी शाळा, निघाली. टाय लावलेली चार वर्षांची पोरे ऑटोत कोंबून तालुक्याला जातात. अभ्यासक याला इंग्रजीची ओढ म्हणतात. अर्धे खरे आहे. ऑटो दारात येतो, हेही आईच्या हिशेबात असते.

सर्वेक्षण करणारे अजूनही अकराच्या सुमारास येतात. घरी आजी सापडते, तिचेच उत्तर 'पालक' म्हणून लिहिले जाते. आई दिवेलागणीला परतते.