पर्थ 'रीजनल' कसे ठरले? ब्रिटनहून ऑस्ट्रेलियात वसणाऱ्या कुटुंबांमागचा इतिहास

ब्रिटनमधली एखादी नर्स किंवा इलेक्ट्रिशियन आज नवरा-मुलांना घेऊन ऑस्ट्रेलियाला निघते, तेव्हा पुष्कळदा तिच्या हातात 491 क्रमांकाचा व्हिसा असतो. मुदत पाच वर्षांची. तेवढ्या काळात राहायचे, काम करायचे, शिकायचे ते सरकारने 'रीजनल', म्हणजे ठरावीक मोठ्या शहरांबाहेरचे, म्हणून ठरवून दिलेल्या पोस्टकोडमध्येच (आपल्या पिनकोडसारखे विभाग). त्यातली तीन वर्षे नियमाने काढली आणि तीन वर्षांचे प्राप्तिकराचे कागद दाखवता आले, की 191 क्रमांकाचा कायमचा व्हिसा, म्हणजे पीआर, मागता येतो. आपल्याकडच्या आयटीवाल्यांना आणि त्यांच्या नातेवाइकांना हे आकडे तोंडपाठ आहेत, म्हणून त्यांची फोड करत बसत नाही. मात्र या अटीमागे शंभराहून अधिक वर्षांची धडपड आहे. शहरांपासून दूरच्या ऑस्ट्रेलियात ब्रिटिश कुटुंबे नेऊन बसवण्याचा प्रयत्न पिढ्यान्‌पिढ्या झाला आणि दर वेळी तो एकाच ठिकाणी अडला. भाडे भरून, जमीन देऊन, अट घालून कुटुंब आणता येते. ते तिथे टिकते की नाही, हे तिथल्या पोटापाण्यावर ठरते.

एकोणिसाव्या शतकात फार वेळ थांबण्याची गरज नाही. 1830 च्या दशकापासून वसाहतींमधली सरकारी जमीन विकून आलेल्या पैशातून ब्रिटिश मजुरांचे जहाजभाडे भरले जाऊ लागले. 1836 मध्ये वसलेल्या साउथ ऑस्ट्रेलियाची तर मांडणीच अशी होती की जमिनीच्या विक्रीतून कुटुंबे आणायची आणि कैदी आणायचेच नाहीत. पुढे 1850 च्या दशकात सोने सापडले, तेव्हा भाडे न देताही माणसांची रीघ लागली.

आजच्या व्हिसाची खरी पूर्वपिढी 1920 च्या दशकातली आहे. पहिले महायुद्ध संपले होते, ब्रिटनमध्ये बेकारी होती आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाला लोणी-दूध बाहेरून आणावे लागत होते. त्यावर राज्य सरकारने 'ग्रुप सेटलमेंट' हा तोडगा काढला. 1922 मध्ये ब्रिटिश संसदेने साम्राज्यातल्या वसाहतींसाठी कायदा केल्यावर त्याला पैशाचेही बळ आले. वीसेक कुटुंबांचा एक गट, त्यावर एक मुकादम, आणि राज्याच्या नैऋत्य टोकाला मॅन्जिमप, नॉर्थक्लिफ, डेन्मार्क या भागांतले जंगल. ते तोडून दूधधंदा उभा करायचा. लंडनच्या गल्लीत वाढलेल्या माणसाच्या हाती कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत देण्यात आली. समोरची कारी जातीची झाडे ऐंशी मीटरपर्यंत जाणारी. ज्या झाडांपुढे करवत हरायची, त्यांच्या बुंध्याची साल गोल कापून ती उभीच वाळवायची. घर म्हणजे पत्र्याची झोपडी, मातीची जमीन, शेजारी डबक्याचे पाणी. बाई पोरांना सांभाळून स्वयंपाक करणार आणि नवरा दिवसभर खोडे उपटणार. कितीतरी कुटुंबे जमिनीचा तुकडा तसाच टाकून राज्याच्या राजधानीला, पर्थला, निघून गेली. दशकाच्या मध्यापर्यंत चौकशी आयोग नेमावा लागला, आणि मंदीत दुधाचे भाव पडले तेव्हा उरलेल्यांचेही कंबरडे मोडले. तरी जे टिकले त्यांच्या गायींवरच त्या भागाचा दूधधंदा उभा राहिला, हे विसरून चालणार नाही.

यानंतरचा अध्याय मराठी वाचकाने ऐकलेला असतो: 'टेन पाउंड पॉम्स', म्हणजे दहा पौंडांत आलेले ब्रिटिश ('पॉम' हे ऑस्ट्रेलियातले ब्रिटिशांचे टोपणनाव). फेब्रुवारी 1942 मध्ये डार्विनवर जपानी बॉम्ब पडले आणि सुमारे 74 लाख लोकसंख्येच्या देशाला आपण किती विरळ आहोत याची धडकी भरली. 1945 मध्ये स्थलांतराचे वेगळे खाते झाले आणि 1947 पासून ब्रिटिशांसाठी सवलतीचा प्रवास सुरू झाला. एका प्रौढाचे खरे भाडे सुमारे 120 पौंड असताना त्याला भरावे लागत फक्त दहा, आणि लहान मुले फुकट. बदल्यात अट एकच, दोन वर्षे राहायचे. आधी परतायचे असेल तर सरकारने भरलेले भाडे फेडायचे आणि परतीचे तिकीटही आपणच काढायचे. दोन-तीन मुले असलेल्या कामगाराला ही रक्कम जमवणे जवळजवळ अशक्य असे. साधारण पाव भाग लोक शेवटी परतले. त्यातले पुष्कळ काही वर्षांनी पुन्हा आले, कारण इतकी वर्षे बाहेर काढल्यावर मायदेशही परका वाटू लागला होता.

दोन वर्षांची अट देशात राहण्याची होती, एखाद्या गावात राहण्याची नव्हती. तरीही गाव बरेचसे आधीच ठरलेले असे, कारण अर्ज कोणाच्या नावावर मंजूर झाला यावर सगळे अवलंबून होते. कोणाला तिथल्या नातेवाइकाने किंवा ओळखीच्याने घराची हमी देऊन बोलावलेले असे, कोणाला केंद्राने, तर कोणाला राज्य सरकारने आपल्याला हव्या असलेल्या कारागिरांच्या यादीतून. स्टेट नॉमिनेशन, म्हणजे राज्याने अर्जदाराची शिफारस करणे, आज नवी गोष्ट म्हणून सांगितली जाते, पण तिची मुळे तिथे आहेत. केंद्राने आणलेल्या कुटुंबाची सुरुवात होस्टेलमध्ये होई. बरीचशी होस्टेले लष्कराकडून आलेल्या निसन हटची, म्हणजे अर्धगोल पत्र्याच्या लांबट खोल्यांची होती. पातळ भिंत घालून एका हटमध्ये दोन कुटुंबे, न्हाणीघर सामाईक, जेवण मोठ्या हॉलमध्ये रांगेत उभे राहून. ॲडलेडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीवर गेला की आत बसवत नसे. ब्रिटनमध्ये वाटलेल्या रंगीत पत्रकांत समुद्रकिनारा होता, हा पत्रा नव्हता.

साउथ ऑस्ट्रेलियाने या बाबतीत इतरांपेक्षा शहाणपणा दाखवला. आधी काम आणि घर उभे केले, मग माणसे बोलावली. ॲडलेडच्या उत्तरेला 1955 मध्ये एलिझाबेथ हे नवे नगर वसवले, शेजारी मोटारींचा कारखाना आला आणि राज्याच्या गृहनिर्माण संस्थेची भाड्याची घरे ब्रिटिश कुटुंबांनी भरून गेली. त्याहून बोलके उदाहरण वायला या गावाचे. स्पेन्सर आखाताच्या काठी, ॲडलेडपासून रस्त्याने जवळजवळ चारशे किलोमीटरवर, कोरड्या माळावरचे हे गाव. 1940 मध्ये तिथे जहाजबांधणी सुरू झाली, 1965 मध्ये पोलाद कारखाना. ब्रिटनच्या गोद्यांमध्ये हात बसलेले वेल्डर, प्लेटर, फिटर सहकुटुंब येऊन राहिले आणि 1970 च्या दशकाच्या मध्यात लोकसंख्या 33 हजारांच्या घरात गेली. कोणी पोस्टकोडची अट घातली नव्हती, गोदीचा भोंगा वाजत होता तेवढे पुरे होते. 1978 मध्ये गोदी बंद झाली आणि घरे रिकामी होऊ लागली. आज तिथे 22 हजारांच्या आसपास माणसे आहेत आणि फेब्रुवारी 2025 मध्ये राज्य सरकारने पोलाद कारखानाही मालकाकडून काढून प्रशासकाच्या हाती दिला. दूरच्या गावात कुटुंब का राहते आणि का निघून जाते, याचे उत्तर मला कोणत्याही सरकारी अहवालापेक्षा वायलात जास्त स्पष्ट दिसते.

हे सगळे गोऱ्यांसाठी होते, हेही स्पष्ट लिहायला हवे. 1901 च्या कायद्याने आशियाई माणसाला दार बंद होते आणि ते धोरण पूर्णपणे गेले 1973 मध्ये. ऑगस्ट 1947 मध्ये ऑस्ट्रेलियन नौदलाचे 'मनूरा' जहाज मुंबईहून फ्रीमँटलला गेले. ते ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन लोकांना आणण्यासाठी आलेले होते, पण त्यातून शेकडो अँग्लो-इंडियन उतरले आणि त्यावरून तिथे गदारोळ झाला. याउलट दहा पौंडवाल्यांना उतरल्यापासूनच घरच्यासारखे हक्क होते. ब्रिटिश प्रजाजन म्हणून ते नागरिकत्व न घेताही मतदान करू शकत आणि जानेवारी 1984 पूर्वी मतदारयादीत असलेल्यांचा हा हक्क आजही शाबूत आहे. दहा लाखांहून अधिक ब्रिटिश या मार्गाने आले. 1973 नंतर सवलत आटत गेली आणि 1982 मध्ये योजना संपली. तोवर अर्जदाराला कौशल्य वगैरे पाहून गुण देण्याची पॉइंट्सची पद्धत आली होती, आणि ब्रिटिश अर्जदार इतर सर्वांसोबत एकाच रांगेत उभा राहिला.

1990 च्या दशकाच्या मध्यापासून 'रीजनल' व्हिसांची मालिका सुरू झाली. सिडनी आणि मेलबर्न फुगत होती आणि आतल्या गावांना डॉक्टर, मेकॅनिक, शिक्षक मिळत नव्हते. मालकाने बोलावले तर पहिल्या दिवसापासून पीआर देणारा व्हिसा होता, जो पुढे 187 क्रमांकाने ओळखला गेला. राज्याच्या किंवा नातेवाइकाच्या आधारावर आधी तात्पुरता आणि मग कायमचा होणारा 489 होता. 16 नोव्हेंबर 2019 ला हे दोन्ही मार्ग नव्या अर्जदारांना बंद झाले आणि 491 व मालकाने बोलावलेल्यांसाठीचा तात्पुरता 494 हे व्हिसा आले. म्हणजे मालकाने बोलावलेल्या कुटुंबालाही आता तीन वर्षे टांगणीवर राहणे आले. त्याच वर्षी कायमच्या स्थलांतराची मर्यादा 1,90,000 वरून 1,60,000 वर आणली होती आणि त्यातल्या 23,000 जागा रीजनल म्हणून राखल्या होत्या.

मग आला तो निर्णय, ज्यावर अजून वाद आहे. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झाले की पर्थ आणि गोल्ड कोस्ट ही शहरेही रीजनल धरली जातील आणि जागा 25,000 होतील. 16 नोव्हेंबर 2019 पासून सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून सगळा देश रीजनल झाला. राजधानी कॅनबेरासुद्धा. वीस लाख वस्तीच्या पर्थचा मध्यभाग, पोस्टकोड 6000, आणि दोन हजार वस्तीचे एखादे गव्हाचे गाव अटीच्या दृष्टीने सारखेच ठरले. नाही म्हणायला दोन पायऱ्या केल्या. पर्थ, ॲडलेड, जिलाँग, न्यूकॅसल, होबार्ट वगैरे एका पायरीवर आणि उरलेला भाग दुसऱ्या. पण हा फरक प्रामुख्याने तिथेच शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या जादा वर्षांसाठी आणि अर्जाच्या अग्रक्रमासाठी. ब्रिटनहून आलेल्या कुटुंबाला पर्थमध्ये तीन वर्षे काढली काय आणि कॅलगुर्लीत काढली काय, पीआरच्या अटीत काडीचाही फरक पडत नाही.

पर्थची तर यात फरफटच झाली. खाणींच्या तेजीत माणसे कमी पडत होती तेव्हा पर्थ मालकांच्या व्हिसासाठी रीजनल होते. तेजी ओसरली, बेकारी वाढली आणि 2017 मध्ये नव्याने निवडून आलेल्या राज्य सरकारने स्थानिकांच्या नोकऱ्या वाचवण्यासाठी त्याला यादीतून काढायला लावले. दोन वर्षांत विद्यापीठांनी ओरड सुरू केली की परदेशी विद्यार्थी इतर राज्यांत चालले आहेत, आणि पर्थ पुन्हा आत आले. शहर तेच, समुद्र तोच. ठरत होते ते नोकऱ्या आणि फी यांच्या हिशेबावर.

निर्णयाच्या बाजूने बोलणारे म्हणतात की सिडनी-मेलबर्नवरचा भार कमी करणे हाच हेतू होता आणि पर्थही त्या दोघांपासून हजारो किलोमीटर दूर आहे. मुद्दा खोटा नाही. पण मग ज्या गावांच्या नावाने ही योजना विकली गेली, त्यांच्या हाती काय लागले? ब्रिटिश कुटुंबांचा ओढा पिढ्यान्‌पिढ्या पर्थकडे आहे. रॉकिंगहॅम, जुंडलप, मँडुरा या पट्ट्यात त्यांच्या ओळखी आहेत, किनारा आहे, फुटबॉलचे क्लब आहेत. त्यांना पर्थची मोकळीक देऊन वर आतल्या गावात मिडवाइफ मिळेल अशी आशा करणे मला पटत नाही. अट उलट बाजूने कशी बोचते ते जिलाँगमध्ये दिसते. मेलबर्नपासून पाऊणशे किलोमीटर, गाडीने तासाभराचा रस्ता. शेजारी रोज मेलबर्नला नोकरीला जातात. 491 वाल्याने तिथली नोकरी धरली तर अटीचा भंग होतो, व्हिसा रद्द होऊ शकतो, आणि नवऱ्याच्या नावाच्या व्हिसावर आलेली बायको व मुलेही त्याच अटीने बांधलेली असतात.

गोंधळात भर म्हणून प्रत्येक खात्याची यादी वेगळी. वर्किंग हॉलिडेवाल्यांच्या, म्हणजे फिरता फिरता काम करण्याच्या व्हिसावर येणाऱ्या तरुणांच्या, शेतकामासाठी पर्थ रीजनल नाही. सांख्यिकी खाते पर्थला आणि ॲडलेडला मोठ्या शहरांतच मोजते. बाहेर शिकलेल्या डॉक्टरला 1997 पासून मेडिकेअरची (सरकारी आरोग्य विम्याची) बिले करायची तर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात दहा वर्षांपर्यंत काढावी लागतात आणि त्या भागांचा नकाशा आणखी तिसरा. ब्रिटनहून येणाऱ्या जीपीलाही (फॅमिली डॉक्टरलाही) ही अट लागू आहे.

मार्च 2020 मध्ये सीमा बंद झाली आणि फेब्रुवारी 2022 पर्यंत ती पूर्णपणे उघडली नाही. व्हिसा हातात असून हजारो कुटुंबे घरसामान बांधून बसली. दरम्यान डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही देशांचा व्यापार करार झाला आणि तो मे 2023 अखेर लागू झाला. त्यातून वर्किंग हॉलिडेवर येणाऱ्या 35 वर्षांपर्यंतच्या ब्रिटिश तरुणांना मोठी सूट मिळाली. 1 जुलै 2024 पासून ते शेतात किंवा दूरच्या गावात काम न करता तीन वर्षे सिडनीतही राहू शकतात. याआधी दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षासाठी त्यांना तसे काम करावे लागे आणि बऱ्याच शेतमालकांचा हंगाम त्यावर निघायचा. एकाच पासपोर्टवर एकट्या तरुणाला सगळा देश मोकळा आणि कौशल्य घेऊन मुलाबाळांसह आलेल्याला पोस्टकोडची मर्यादा, हा उलटा न्याय आहे.

दरम्यान रांगेतली माणसेही बदलली. 2021 च्या जनगणनेत इंग्लंडमध्ये जन्मलेले सुमारे 9,27,000 होते आणि अजूनही ते पहिल्या क्रमांकावर होते. भारतात जन्मलेले सुमारे 6,73,000, म्हणजे चीनला मागे टाकून दुसरे. ज्या 491 वर ब्रिटिश नर्स ॲडलेडला येते, त्याच 491 वर पुण्या-नाशिकची कुटुंबेही येतात.

ब्रिटिश कुटुंबांना मात्र एक जुनी डोकेदुखी वेगळी आहे. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांचे ब्रिटिश सरकारी निवृत्तिवेतन सुरू झाल्या दिवशीच्या आकड्यावर गोठते, दरवर्षीची वाढ मिळत नाही. 2001 मध्ये ऑस्ट्रेलियाने याच कारणावरून सामाजिक सुरक्षेचा करारही मोडला. दहा पौंडांत आलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे आणि तिचा हा लढा अजून चालू आहे.

2023 च्या सरकारी आढाव्याने संपूर्ण स्थलांतर व्यवस्थाच मोडकळीला आल्याचे म्हटले आणि 2024 मध्ये रीजनल स्थलांतरावर चर्चापत्र निघाले. त्यात रीजनलची व्याख्या कोणती ठेवायची हाही प्रश्न आहे. पर्थला पुन्हा बाहेर काढले तर आधीच तिथे राहत असलेल्या कुटुंबांची तीन वर्षे धरली जाणार का, हा त्यातला सर्वात कळीचा मुद्दा ठरेल.