संगणकाचा ताप आणि जावास्क्रिप्टचा निरोप्या

रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाच्या टर्मिनलवर 'व्हीसीजेनसीएमडी मेझर_टेम्प' ही आज्ञा दिली, की लगेच एक ओळ उमटते: टेम्प=४७.२'सी. हाच आकडा पडद्याच्या कोपऱ्यात कायम दिसत राहावा आणि ते काम जावास्क्रिप्टने करावे, ही अपेक्षा अगदी साधी वाटते. ती नीट पुरी करायची, तर आकडा कुठून येतो आणि तो आणायला कोण जातो, हे दोन्ही समजून घ्यावे लागते.

प्रोसेसरच्या पोटात पारा नसतो. सिलिकॉनच्या डायोडमधून ठरावीक विद्युतप्रवाह सोडला, तर त्याच्या दोन टोकांमधले व्होल्टेज दर अंश सेल्सिअसमागे साधारण २ मिलिव्होल्टने घटते, आणि याच गुणधर्माचा उपयोग करणारे संवेदक चिपमध्येच घडवलेले असतात. लिनक्स या प्रणालीचे कर्नल, म्हणजे तिचा गाभा, त्यांचे मापन 'सिस' या फोल्डरखाली, 'थर्मल' विभागातल्या 'टेम्प' नावाच्या फाइलमधून आपल्यापुढे ठेवते. ही फाइल डिस्कवर कुठेही साठवलेली नसते. आपण ती वाचायला जातो तेव्हाच कर्नल तिच्यात आकडा भरते. तिच्यात ४७२३४ दिसले तर दचकू नये, कारण ते अंशाचे हजारावे भाग आहेत. विंडोजच्या डब्ल्यूएमआय या यंत्राची माहिती पुरवणाऱ्या सोयीमध्ये तापमान मिळते तिथे ते केल्व्हिनच्या दहाव्या भागांत असते: ३२०२ म्हणजे ३२०.२ केल्व्हिन, म्हणजेच सुमारे ४७ अंश सेल्सिअस. ताप तोच, पण तो तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेला असतो, आणि ही रूपांतरे चुकली तर पुढचा सगळा खटाटोप वाया जातो.

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपच्या ब्राउझरसाठी तयार केली. ब्राउझरमधल्या पानाला आपल्या संगणकावर आज्ञा चालवता येत नाहीत, आणि हे बंधन योग्यच आहे. नाहीतर कोणत्याही अनोळखी संकेतस्थळाने आपल्या फाइलींवर हात टाकला असता. रायन डाल यांनी २००९ मध्ये क्रोमचे व्ही८ इंजिन ब्राउझरबाहेर वापरून नोड.जेएस उभे केले, तेव्हा या भाषेला प्रणालीशी थेट बोलण्याची वाट मिळाली. पुढे २०११ मध्ये आलेल्या ग्नोम शेल या लिनक्स डेस्कटॉपच्या वरच्या पट्टीतही जावास्क्रिप्टच काम करू लागली.

इथेही जावास्क्रिप्ट स्वतः आज्ञा चालवत नाही. ती प्रणालीला सांगून एक वेगळी 'चाइल्ड प्रोसेस', म्हणजे स्वतंत्र चालणारा दुसरा प्रोग्राम, सुरू करवते आणि तिने छापलेला मजकूर पाइपमधून परत घेते. म्हणजे निरोप्या पाठवायचा आणि त्याने आणलेल्या चिठ्ठीतून 'टेम्प=' आणि 'सी' काढून मधला आकडा तेवढा उचलायचा. निरोप्या परत येईपर्यंत दारात उभे राहायचे का, हा यातला खरा महत्त्वाचा प्रश्न आहे. 'सिंक' प्रकारचे फंक्शन वापरले तर आज्ञा संपेपर्यंत जावास्क्रिप्टचा तो धागा, म्हणजे एकामागून एक चालणारी कामांची साखळी, अडून राहतो. ग्नोम शेलमध्ये त्याच मुख्य धाग्यावर घड्याळ, मेनू आणि खिडक्यांची हालचाल चालते, त्यामुळे संवेदकाने उत्तराला अर्धा सेकंद घेतला तर अख्खा डेस्कटॉप अर्धा सेकंद गोठतो. म्हणून असिंक्रोनस, म्हणजे उत्तरासाठी न थांबणारी पद्धतच वापरावी, आणि एक फेरी पूर्ण झाल्यावरच पुढच्या फेरीची वेळ लावावी, म्हणजे उत्तर रखडले तरी निरोप्यांची रांग साचत नाही.

नोडमधले 'एक्झेक' हे फंक्शन आधी शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, सुरू करते आणि मग त्या शेलकरवी आज्ञा चालवते. सोय चांगली आहे, पण संवेदकाचे नाव वापरकर्त्याकडून घेऊन ते आज्ञेला तसेच जोडले, तर त्या नावात अर्धविराम घालून कुणीही पुढे दुसरी, घातक आज्ञा लिहू शकतो. 'एक्झेकफाइल' शेलला मध्ये आणत नाही आणि नाव हे केवळ नाव म्हणूनच पोहोचवते. अशा कामासाठी मी तरी तेच निवडेन.

मात्र जिथे कर्नलची फाइल उपलब्ध आहे, तिथे निरोप्याची गरजच उरत नाही. नवी प्रोसेस सुरू करायला प्रोसेसरलाच राबावे लागते, आणि दर सेकंदाला दहा-दहा आज्ञा सोडून तापमान मोजणारा प्रोग्राम त्या तापात स्वतःची भर घालतो. फाइल थेट वाचणे त्या मानाने फार स्वस्त पडते, आणि पडद्यावरच्या आकड्यासाठी पाच सेकंदांचे अंतर पुष्कळ झाले. वाचन फसले तर तिथे रेघ दाखवावी. जुना आकडा तसाच ठेवणे म्हणजे पाहणाऱ्याची फसवणूक आहे.

रास्पबेरी पाय ४ मध्ये ८० अंशांजवळ प्रोसेसरचा वेग आपोआप उतरवला जातो. थोड्या वेळाने तो निवतो, पट्टीत पुन्हा ५५ दिसते आणि मधल्या काळात काम का रेंगाळले याचा माग राहत नाही. त्यासाठी 'गेट_थ्रॉटल्ड' ही दुसरी आज्ञा आहे. तिचे उत्तर ०एक्स० आले तर सगळे ठीक. ०एक्स४०००० आले, तर संगणक सुरू झाल्यापासून केव्हातरी वेग उतरवावा लागला होता, आणि ही खूण तापमानाशेजारीच दाखवायला हवी.