विरघळलेला ऑक्सिजन, गोड्या पाण्यातील

तळी, नद्या व जलाशय यांच्या पाण्यात मुक्त रेणूंच्या रूपात असलेला ऑक्सिजन. पाण्याच्या स्वतःच्या रेणूतील ऑक्सिजन प्राण्यांना श्वसनासाठी वापरता येत नाही. समुद्रसपाटीला, हवेशी समतोलात असलेल्या गोड्या पाण्यात तो ०° से. ला दर लिटरमागे सु. १४.६ मिग्रॅ., तर ३०° से. ला सु. ७.५ मिग्रॅ. मावतो. उन्हाळ्यात जलचरांची गरज वाढते, नेमका तेव्हाच साठा घटतो.

हा ऑक्सिजन काही अंशी हवेतून, तर काही अंशी शैवले व पाणवनस्पती यांच्या प्रकाशसंश्लेषणातून येतो. वनस्पतींचे हे कार्य प्रथम कोणी ओळखले याबद्दल मतभेद आहेत. इंग्रज रसायनज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी १७७१ च्या सुमारास मेणबत्ती जळून ‘बिघडलेली’ हवा पुदिन्याने सुधारते असे दाखविले. पाण्याच्या भांड्यात धरणाऱ्या ‘हिरव्या द्रव्या’तून वायू निघतो हेही त्यांनी पाहिले, मात्र सुरुवातीला ते त्याला वनस्पती मानत नव्हते. डच वैद्य यान इंगेनहाऊस यांनी १७७९ मध्ये बुडविलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे धरतात व अंधारात थांबतात हे नोंदविले. प्रकाशाची अट स्पष्ट करण्याचे श्रेय त्यांनाच देणे अधिक सयुक्तिक.

हा वायू कार्बन डाय-ऑक्साइडातून सुटतो की पाण्यातून, हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. अमेरिकन शास्त्रज्ञ रूबेन, केमेन व सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये ऑक्सिजन-१८ हा समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा जड अणुप्रकार) असलेले पाणी क्लोरेला या शैवलाला दिले व बाहेर पडलेल्या वायूत तोच समस्थानिक आढळला. पाणी व कार्बोनेट यांच्यात समस्थानिकांची अदलाबदल होते, म्हणून या पुराव्यावर आक्षेप घेतले गेले. तथापि पेशींतून सुटे केलेले हरितलवक (हरितद्रव्य असलेले पेशीघटक) कार्बन डाय-ऑक्साइडाविनाही ऑक्सिजन सोडतात, या ब्रिटिश जीवरसायनज्ञ हिल यांच्या प्रयोगांशी (१९३७) तो पुरावा जुळतो आणि पाण्याच्या बाजूचे मतच आता ग्राह्य धरतात.

रात्री वनस्पतीही ऑक्सिजन खर्च करतात. त्यामुळे हिरव्यागार तळ्यात दुपारी तो अतिसंपृक्त (हवेशी समतोलात मावतो त्याहून अधिक) असतो, तर पहाटे किमान. मासे तेव्हा पृष्ठभागाशी तोंडे उघडून राहतात. कोल्हापूरच्या रंकाळ्याला ग्रासणारी जलपर्णी ऑक्सिजन सोडते खरी, पण पाने पाण्याबाहेर असल्याने तो हवेत जातो. खाली अंधार होतो, आणि ती कुजताना जीवाणू उरलासुरला ऑक्सिजनही संपवितात. तलाव शुद्ध व्हावा म्हणून ती सोडणे घातक आहे.

पाण्यातील अल्प ऑक्सिजन मिळविण्याच्या जलचरांच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. माशांच्या कल्ल्यांत रक्त व पाणी विरुद्ध दिशांनी वाहतात, त्यामुळे रक्तात ऑक्सिजन अधिक शोषला जातो. कायरोनोमस माशीच्या गाळातील अळ्या ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या हीमोग्लोबिनामुळे लाल दिसतात. डासांच्या अळ्या श्वसननळी पृष्ठभागाला लावून हवा घेतात. मागूर व मरळ हे मासेही हवा घेतात. मरळ माशाला पृष्ठभागापर्यंत येऊ दिले नाही, तर तो पाण्यात गुदमरून मरतो.